बांगडीतली पिन

सकाळी आठला निशिकांतच्या फोनवर हिरवा ठिपका उमटला. खाली नेहमीचीच ओळ होती : ‘आईंची तब्येत उत्तम. आज फोन करण्याची गरज नाही.’

आई कराडला एकटी राहायची. दिवाळीत त्याने तिच्या बांगडीत नाडी आणि पावलं मोजणारी पिन अडकवली आणि रोजच्या फोनमधून तो सुटला. या आठवड्यात तर तिची रोज नऊ-नऊ हजार पावलं दिसत होती.

“गुडघे बरे झालेले दिसतात,” तो बायकोला कौतुकाने म्हणाला.

तेवढ्यात अनोळखी नंबरवरून फोन आला.

“दादा, मी कराडहून वैजयंता, आशा सेविका. गेल्या सोमवारी एसटी स्टँडवर माझ्या निऱ्या सुटल्या, तेव्हा एका मावशींनी बांगडीतली पिन काढून दिली. म्हणाल्या, ‘राहू दे गं तुला, पिनच तर आहे.’ तेव्हापासून तीच लावतेय. आज लावताना बघितलं तर मागे तुमचा नंबर. महागाची असेल, कुठे आणून देऊ?”

निशिकांतने आईला फोन लावला. तो बंद होता. त्याने वैजयंताला पत्ता दिला, आत्ताच्या आत्ता जायला सांगितलं.

अर्ध्या तासाने तिचा फोन आला.

“दादा, शेजाऱ्यांनी दार फोडलं. मावशी गेल्यात हो. बरेच दिवस झालेत...”

निशिकांतच्या हातातला फोन थरथरला. ठिपका पहिल्यांदाच लाल झाला होता.

‘आई घाबरल्या आहेत. ताबडतोब फोन करा.’