मानेचं उत्तर

"जाऊ का मी?" स्तांकाने विचारलं.

भिंतीकडे तोंड करून बसलेल्या रालित्साने मान वर-खाली हलवली.

"बरं झालं," म्हणत स्तांकाने खुर्ची ओढली, पिशवीतून वाटाण्याच्या शेंगा काढल्या आणि सोलायला बसली.

घोळ साधाच होता. रालित्सा सतरा वर्षांची, स्पेनमध्ये वाढलेली. तिकडे मान वर-खाली म्हणजे हो. बल्गेरियातल्या या डोंगराळ गावात वर-खाली म्हणजे नाही आणि आडवी म्हणजे हो. बाकीचं जग उलटं करतं हे गावाने ऐकलं होतं, पण त्यात चूक जगाची आहे याबद्दल गावात दुमत नव्हतं.

रालित्सालाही हा फरक ठाऊक होता. पण सवयीविरुद्ध मान हलवायची तर आधी विचार करावा लागतो, आणि तेवढंही बळ तिच्यात उरलं नव्हतं. हिवाळ्यात आई गेली. बाप ट्रकवर, आज इथे तर उद्या तिथे. त्याने तिला वेल्कोआजोबांकडे आणून सोडलं. मार्चमध्ये तिने जीव द्यायचा प्रयत्न केला. वाचली, पण इस्पितळातून परतल्यावर एक शब्द बोलली नाही. डॉक्टरीणबाईंनी आजोबांना बजावलं होतं की तिला एकटी सोडू नका. आजोबांना ऐकू कमी येई आणि रडू लवकर येई. त्यांनी कुंपणापलीकडच्या स्तांकाला गाठलं.

स्तांका साठीची. गावातल्या निम्म्या बायकांसारखी तीही बरीच वर्षं परदेशात लोकांच्या म्हाताऱ्या सांभाळून परतली होती. हट्टी म्हणून तिचं नाव होतं. पोरगी जगली पाहिजे, बस्स, एवढंच ती आजोबांना म्हणाली आणि दुसऱ्या दिवसापासून तिने त्या खोलीत ठाण मांडलं.

रोज तोच प्रश्न, रोज तीच मान, आणि रोज स्तांका खुर्ची ओढून बसायची. कधी शेंगा, कधी फाटके मोजे. पंधरा दिवसांनी रालित्सा भिंत सोडून शेंगांकडे बघायला लागली.

मे महिन्यात एकदा पोस्टमन गेन्चो आजोबांचं पत्र घेऊन आला. तो दारात उभा आहे हे स्तांकाने पाहिलं नव्हतं. ती हातातलं काम खाली ठेवून रालित्साला विचारत होती, "खरं सांग. ते अजून मनात येतं का?"

रालित्साची मान वर-खाली हलली.

"नाही म्हणतेय," दारातून गेन्चो म्हणाला. टोपी काढून त्याने कपाळ पुसलं. "सुटलो बाबा."

स्तांकाने खाली ठेवलेलं काम पिशवीत भरलं. मग रालित्साला म्हणाली, "उद्या सातच्या बसने शहरात जाऊ. डॉक्टरीणबाईंकडे."

"अगं, ती नाही म्हणाली ना?" गेन्चो म्हणाला.

"म्हणाली की. मला माझा गुडघा दाखवायचाय."

डॉक्टरीणबाई रालित्साजवळ दीड तास बसल्या, तिच्याकडून उत्तरं कागदावर लिहून घेत राहिल्या. त्यांनी औषध बदललं आणि दर आठवड्याला यायला सांगितलं. गुडघा दाखवायचा राहूनच गेला.

त्याच रविवारी स्तांकाने अख्खं गाव वाचनालयात बोलावलं. अख्खं गाव म्हणजे चौतीस माणसं, त्यातली बहुतेक सत्तरीपुढची. आपण म्हातारे, आपल्याला असल्या दुखण्यातलं काय कळतं, असं गेन्चो कुरकुरला.

"तुला कळायला नकोच आहे. दुखणं डॉक्टरीणबाई बघतील. तू नुसता तिच्याजवळ बस," स्तांका म्हणाली. "आणि रिकाम्या हाताने जायचं नाही. काम घेऊन जा. तिला वाटू दे की आपलंच तिच्यावाचून अडलंय. तसं ते अडलंयच."

"आणि तिने मान हलवली तर?"

"मान कशीही हलो, उठायचं नाही."

मग प्रत्येकाने आपला वार ठरवून घेतला. गेन्चो डोळ्यांची सबब सांगून पाकिटं पत्त्यांप्रमाणे तिच्याकडून लावून घेऊ लागला. मधमाश्या पाळणारी विधवा नेव्येना तिला पोळ्यांवर धूर धरायला न्यायची. दर बुधवारी सातची बस. स्तांकाचा गुडघा हा गावात थट्टेचा विषय झाला, आणि तिने तो होऊ दिला.

सप्टेंबरात अंगणात लाल ढोबळ्या मिरच्या भाजायला काढल्या. साली सोलून सोलून दोघींची बोटं काळी झाली होती. धुराने स्तांकाचे डोळे झोंबत होते.

"मावशी," रालित्सा म्हणाली.

स्तांकाचा हात थांबला. वर बघायचा तिला धीर झाला नाही.

"तू पहिल्या दिवशी विचारलंस ना, जाऊ का म्हणून? मी जा म्हणत होते. तिकडे वर-खाली म्हणजे हो. मी रोज सांगत होते, जा. आणि तू रोज खुर्ची ओढत होतीस." बोलता बोलता तिला हसू आलं. किती महिन्यांनी कोण जाणे.

"अगं बाई," स्तांका म्हणाली. "म्हणजे मी हाकलूनही हलले नाही होय? अडाणी माणसाला कोण सांगणार."

मग तिने पदराला हात पुसावेत तसे झग्याला पुसले आणि रालित्साकडे नीट बघितलं. "आता बोलता येतंय ना? मग तोंडाने सांग. जाऊ का मी?"

"नको," रालित्सा म्हणाली, आणि तिने गावाच्या रीतीने मान वर-खाली हलवली.

त्या संध्याकाळी स्तांकाने घरी जाऊन दार लावून घेतलं, पोटभर रडली, आणि मग फोन लावला. पलीकडे आरासेली होती, स्पेनमधल्या सारागोसाची. तिच्या आईला स्तांकाने एकोणीस वर्षं सांभाळलं होतं. आरासेलीने पहिल्यांदा हेच विचारलं, की पोरगी बोलली का.

"बोलली," स्तांकाने अस्खलित स्पॅनिशमध्ये सांगितलं, आणि जुन्या सवयीने तिची मान वर-खाली हलली.