सुलभाचं पान

माझ्या बायकोच्या, सुलभाच्या वर्षश्राद्धाला तिच्या आवडीची खीर आणि वडे वाढून मी पान मागच्या अंगणात ठेवलं. ॲरिझोनातल्या आमच्या या वाळवंटी गावात कावळे भरपूर, पण एकही पानाला शिवेना. शेवटी ब्रेड आणायला रोझाच्या बेकरीत गेलो. तिथे मेक्सिकन लोकांच्या मृतांच्या सणाची आरास मांडली होती. झेंडूच्या फुलांत सुलभाचा फोटो! समोर मक्याच्या सालीतला पोर्कचा तमाले.

"रोझा, अगं, आम्ही शाकाहारी आहोत!"

"तुम्ही असाल, मिस्टर दामले. ती दर शुक्रवारी खायची. इथेच, उभ्याने."

मी एक तमाले घेतला. घरी येऊन खिरीशेजारी ठेवला. अजून वळलोही नव्हतो, तोच कावळा शिवला.