सरकवलेला ठिपका

वनरक्षक करुणा मडावीने पिल्लं झालेल्या वाघिणीचा ठिपका नाल्यावरून उचलला आणि टेकडीवर नेऊन ठेवला. वाघांचे ठिपके दाखवणारा गावाचा नकाशा सगळ्यांसाठी खुला होता, म्हणजे शिकाऱ्यांसाठीही.

सकाळी आईचा फोन आला. "वाघीण टेकडीवर आहे नं, म्हणून आम्ही बाया नाल्यात आलो. मोहफुलं भरपूर पडलीत."

"आई, सगळ्यांना घेऊन परत फिर. आत्ताच."

"घाबरतेस कशाला? नकाशा पाहूनच आलो." आईचा आवाज एकदम हळू झाला. "करुणा, इथं जांभळीखाली वाघाची दोन पिल्लं आहेत. एवढुशी लेकरं टाकून ती टेकडीवर गेलीच कशी गं?"