रिसोड–टाकळी

डोंग्याचं बूड गोट्यांवर खरडलं आणि डोंगा थांबला. ग्यानबानं वल्हं खाली रोवून पाहिलं. घोटाभरही बुडालं नाही. पुढे पैनगंगेचं पात्र उन्हात पांढरंफटक पडलं होतं. मधूनमधून डबकी, डबक्यांच्या कडेला बगळे, आणि पार पुलापर्यंत नुसते गोटे.

"पानी सरलं," ग्यानबा म्हणाला.

"सरलं नाई, नव्हतंच," लिलाबाई म्हणाली. "बाबूसिंगनं काल घसा फोडून सांगतलं. खालच्या बंधाऱ्याले यंदा दरवाजे टाकलेच नाई म्हने. तुमाले आयकू नाई आलं?"

आलं होतं. काठावर मोटर सुरू करायला आलेल्या बाबूसिंगला ग्यानबानं "हौ, हौ" करत वाटेला लावलं होतं, आणि तो गेल्यावर म्हणाला होता, "मले रूट शिकवते!" उभी हयात एसटी चालवलेल्या माणसानं रस्ता विचारायचा म्हणजे नाक कापून घ्यायचं. रस्ता असतोच, फार तर खड्डे असतात. नदीचंही त्यानं तसंच धरलं होतं.

रिटायर झाल्यावर धरणावरच्या मासेमारांकडून त्यानं हा जुना पत्र्याचा डोंगा आणला, रंगवला, आणि पुढे पाटी ठोकली: रिसोड–टाकळी. टाकळी म्हणजे लिलाबाईचं माहेर. बंधाऱ्यांनी नदीचे तलाव करून ठेवलेले. त्या पाण्यातून दिवसदिवस वल्ही मारायची, बंधारा आला की डोंगा उतरवून गोट्यांवरून ओढायचा, कुणाच्या तरी मळ्यात अंग टाकायचं. लिलाबाईच्या कमरेचा काटा ढिला झाला होता. तरी इथवर तिनं तोंडातून ब्र काढला नव्हता.

त्याला कारण होतं. लग्न झाल्यापासून ती माहेरी गेली ती एकटी. हा सदा ड्यूटीवर. दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीत हिला खिडकीपाशी बसवायचा, कंडक्टरला सांगायचा, "टाकळीले नीट उतरवून देजो," आणि मागे न बघता आपल्या गाडीकडे निघून जायचा. या खेपेला दोघं बरोबर उतरणार होते. भाऊ आणि भावजय घाटावर वाट पाहत असतील. लिलाबाईनं सकाळीच त्यांना फोन केला होता, "आमी दोघंई येऊन राह्यलो!" दोघंई म्हणताना तिचा आवाज जरा चढलाच होता.

ग्यानबा खाली उतरला. डोंग्याभोवती एक चक्कर मारली. पत्र्याला पायानं ठोकून पाहिलं. मग काठावर गेला, बेशरमाच्या चार फांद्या मोडून आणल्या आणि डोंग्याच्या मागे ओळीनं टाकून त्यांच्यावर गोटे ठेवले. बंद पडलेल्या एसटीमागे ठेवतात तशा. मागून कोण येऊन धडकणार होतं ते त्यालाच ठाऊक.

हात झटकून त्यानं लिलाबाईची पिशवी उचलली. "त्या पुलावरून जीपा जातेत. हात दाखव, थांबन. दोन गावं गेले का टाकळीच हाये. तू हो पुढी. मी राह्यतो अथीसा."

"अन तुमी कधी येसान?"

"ट्रॅक्टर भेटलं का."

"ठेवा ते पिशवी."

"अवं, उन्हात कायले बसतं? तुले जागेवर पोचवनं माहं काम हाये."

"मी काय प्यासिंजर हाव?" लिलाबाई एवढ्यानं ओरडली की बगळे उडाले. "जलमभर दुसऱ्याच्या गाडीत बसवून देल्लं मले. माय मेली तवाई बसवून देल्लं. आता ना ड्यूटी राह्यली ना डेपो, तरी बसवूनच देता?"

ग्यानबानं मान खाली घातली. "गाडी सोडून ड्रायव्हरले जाता येत नाई," तो म्हणाला. प्रवाशांना सांगावं तसं, अगदी शांतपणे. तिला वाटलं, वल्हं उचलावं आणि घालावं टाळक्यात.

तिनं पिशवी हिसकावली आणि पुलाकडे चालू लागली. गोट्यांवरून पाय मुरगळत होते, डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि त्याचाही तिला राग येत होता. मागून ग्यानबाचा आवाज आला. त्यात सुटल्यासारखं काहीतरी होतं. "जीपवाल्याले सांगजो, नीट उतरवून देजो म्हना!"

लिलाबाई थांबली. वळली. होती तेवढी वाट परत आली.

"गाडी बंद पडली का प्यासिंजर दुसऱ्या गाडीत जाते," ती म्हणाली. "ड्रायव्हर थांबते. अन कंडक्टर?"

ग्यानबानं गोट्यांखालच्या फांद्यांकडे पाहिलं.

"कंडक्टर कुठी राह्यते?"

"गाडीपाशी," तो पुटपुटला.

तिनं पिशवी डोंग्यात टाकली. पदर कमरेला खोचला. फांद्यांवरचे गोटे पायानं उडवले, फांद्या उचलून भिरकावल्या, आणि डोंग्याच्या मागे दोन्ही पाय रोवून उभी राहिली. पुलावर एक जीप थांबली. ड्रायव्हरनं खाली वाकून पाहिलं, हॉर्न वाजवला. लिलाबाईनं तिकडे पाहिलंही नाही. तिनं डोंग्याच्या पत्र्यावर हाताची थाप मारली. दोनदा.

ग्यानबाचे पाय आपोआप हलले. कंडक्टरच्या दोन थापा ऐकूनही तो उभाच राहिला, असं नोकरीत कधी झालं नव्हतं. पुढे जाऊन त्यानं दोरी खांद्यावर घेतली आणि जोर लावला. मागून तिनं लावला. डोंगा वीतभर सरकला आणि पुन्हा अडकला.

लिलाबाईनं पुन्हा दोन थापा मारल्या.