बबड्यासाठी खड्डा

दिपमाला पुन्हा झोपली होती. उन्हं कलली, पिंप्राळ्याच्या त्या गल्लीतून भाजीवाल्याचा भोंगा केकाटत गेला, कुकरने शिट्ट्या मारून घर डोक्यावर घेतलं; पण लेकीने कूससुद्धा बदलली नाही.

"ऊठ व माय, दिवस बुडाले वना!" भिकुबाईंनी खाटेला पाय मारला. "जावई तुला न्यायला येई राहिनात, अन तू पसरेल शे!"

खाटेवरून नुसतं घोरणं आलं.

भिकुबाई थकल्या होत्या. गुडघ्यांनी थकल्या होत्या, आणि त्याहून जास्त शेजारणींच्या "अजून आहे का लेक?" या चौकशीने. पारोळ्याच्या शेतात राबून त्यांनी लेकी वाढवल्या. दिवसाढवळ्या एकीने कधी डोळा मिटला नव्हता. ही धाकटी मात्र धुळ्याच्या सासरहून आली ती दिवसेंदिवस बिघडतच चालली. आली तेव्हा तरी बरी होती. कडी वाजली की ताडकन उठून बसायची, ओढणी सारखी करायची, भांडं पडलं तर धावत यायची. काय झालं म्हणून विचारलं तर "काही नाही गं माय" एवढंच. आता डोक्यावर पत्रा कोसळला तरी उठणार नाही! माहेरच्या लाडाने पोर नासते, हे भिकुबाईंचं मत, आणि त्यांचं मत म्हणजे घरचा कायदा. म्हणून सकाळी त्यांनीच जावयाला फोन लावला होता. "ईश्वरराव, या, अन तुमचं बठ्ठं बिऱ्हाड घेऊन जा."

त्या बिऱ्हाडात बबड्याही आलाच. मुंगसासारखं लांबोडकं, पांढरट जनावर. फेरेट म्हणतात म्हणे. ईश्वररावांनी सुरतेहून हौसेने आणलं, हौस फिटली आणि ते दिपमालेच्या गळ्यात पडलं. येताना लेकीने अंगावरच्या कपड्यांनिशी हे ध्यान तेवढं काखेत मारून आणलं होतं. त्याचे धंदे दोनच. मोजे पळवून गव्हाच्या कोठीमागे दडवायचे, नाहीतर झोपायचं.

"जशी मालकीन तसं जनावर," म्हणत भिकुबाई त्याचं खोकं झाडायला वाकल्या. जावयासमोर घाण नको.

"हाल रे मुडद्या."

बबड्या हलला नाही. त्यांनी मानगूट धरून उचललं, तर ते ओल्या फडक्यासारखं लोंबलं. मान एकीकडे, पाय एकीकडे. कानाशी टाळी वाजवली. शेपटी ओढली. मिशीचा केससुद्धा हलला नाही.

"मरी गयं हाई," त्या म्हणाल्या आणि तिथेच फरशीवर बसल्या. ज्याला रोज शिव्या घातल्या त्याच्यासाठी डोळ्याला पदर लावावा लागला, याचाच त्यांना राग आला.

लेकीला उठवलं असतं तर रडारड झाली असती. आधी मातीचं बघू, मग सांगू. त्यांच्या घरात मेलेलं जनावर कधी उघड्यावर टाकलं नव्हतं. हळद लावून, मीठ घालून मातीत द्यायचं. भिकुबाईंनी पहार घेतली. शेवग्याच्या बुडाशी, एकेका घावाला गुडघ्याला शिव्या देत, खड्डा खणला. जुन्या लुगड्याचा तुकडा अंथरला. बबड्याला त्यावर निजवलं, भोवती मीठ टाकलं, आणि त्याच्या कपाळाला चिमूटभर हळद लावली.

बबड्या शिंकला.

मग त्याने जबडा फाडून जांभई दिली, आणि खड्ड्यातून उडी मारून, पाठीची कमान करून, तिरप्या उड्या मारत अंगणभर नाचायला लागला.

भिकुबाईंनी अशी किंकाळी फोडली की शेवटी दिपमालासुद्धा उठली. ती धावत बाहेर आली. खड्डा बघितला, मीठ बघितलं, पिवळ्या कपाळाचा बबड्या बघितला, आणि पोट धरून हसायला लागली. आल्यापासून पहिल्यांदा.

"दात काय काढते? जीव जाता जाता राहिला माझा!"

"अगं माय, या जातीची झोपच अशी असते. उचला, हलवा, जाग नाही येत. डॉक्टर म्हणाले होते, मेलं समजून घाबरू नका." तिने बबड्याला उचलून त्याची हळद पुसली. हसू हळूहळू ओसरलं. "मला तेव्हा खोटंच वाटलं होतं. धुळ्याला हे असं कधी झोपलंच नाही ना. गल्लीच्या तोंडाशी यांची मोटरसायकल वाजली की हे कपाटाखाली. काढायला गेलं तर थरथर कापायचं. इथे आल्यावरही आधी आधी कडी वाजली की ताडकन उठायचं. मग हळूहळू सुटलं."

भिकुबाईंनी हळदीची वाटी खाली ठेवली. लेकीच्या तोंडाकडे बघितलं. गालावर उशीचे वळ होते. डोळ्याखालचं काळं गेलं होतं; ते कधी गेलं, हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं.

गल्लीच्या तोंडाशी मोटरसायकल वाजली.

बबड्या दिपमालेच्या हातातून निसटला आणि धुण्याच्या दगडामागे दिसेनासा झाला. दिपमालेचा हात ओढणीकडे गेला. चेहऱ्यावरची झोप एका क्षणात उडाली होती.

"मी... मी चहा ठेवते," ती म्हणाली. "त्यांना थांबायला आवडत नाही."

मोटरसायकल फाटकाशी येऊन थांबली. भिकुबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या. उठताना त्यांनी खड्ड्याशेजारची पहार हातात घेतली.

"चहा-बिहा काही नको. तू जाय, नीज," त्या लेकीला म्हणाल्या. "दारमा मी हुबी शे."