मिशरी

तव्यावर तंबाखू भाजल्याचा वास आला, तशी सात महिन्यांची गरोदर सारिका चुलीपाशी आली. सासू, हौसाबाई, रोजच्यासारखी दोघींची मिशरी भाजत होती.

"आत्या, मला नको. नर्सबाई म्हणाल्या, मिशरीनं बाळाचं वजन भरत नाही. पण वास आला की राहवत नाही हो." बोलता बोलता तिला रडू फुटलं.

हौसाबाईनं स्वतःची पोरं मिशरी लावतच वाढवली होती. तरी तिनं तवा उचलला आणि उकिरड्यावर पालथा केला.

"घरात वासच नको," ती म्हणाली. "मीबी सोडते."

सुरुवातीला दोघींना जड गेलं. डोकं ठणकायचं, सासू उगाच भांडी आपटायची. मग दोघी बडीशेप चघळत अंगणात फेऱ्या मारायच्या.

मुलगी झाली, चांगली गुटगुटीत. बारशाला शेजारणीनं कनवटीची मिशरीची डबी काढून सारिकापुढं धरली. "घे की. आता तर सुटलीस!"

सारिकाचा हात पुढं गेला. तिनं सासूकडं पाहिलं, तर तीही डबीकडंच बघत होती. दोघींना एकदमच हसू आलं.

"आमच्यात कुणी लावत नाही बाई," हौसाबाई म्हणाली आणि तिनं नातीला मांडीवर घेतलं.