गाठीपुढची सुतळी

मोजमापाचा धडा डोक्यात नीट उतरावा म्हणून सहावीच्या गणिताच्या बाईंनी प्रत्येकाला घरातल्या खोलीच्या लांबीएवढी सुतळी कापून आणायला सांगितली होती. काल पुढच्या बाकावरच्या मुलीची सुतळी सगळ्यांत आखूड निघाली. "अगं, खोली मोजायला सांगितली होती, कपाट नाही!" बाई सहज बोलून गेल्या आणि वर्ग खो-खो हसला. आज ती चांगली लांबलचक सुतळी घेऊन आली. "शाब्बास! नीट मोजलं की येतं बघ बरोबर," म्हणत बाईंनी ती सुतळी फरशीवर ताणली, तर मध्येच बोटाला गाठ लागली. गाठीपर्यंतची सुतळी कालचीच होती. "हे काय गं?" बाईंचा आवाज खाली आला. "पुढचा तुकडा दाराबाहेरचा आहे, बाई. बाबा तिथे झोपतात, म्हणून तोही धरला." बाईंना मान वर करवेना. मुलगी जवळ सरकली. "चालेल ना? की अजून जोडू?"